वाईट वर्दीनंतर सक्तीचे समुपदेशन करावे का, आणि नसेल तर त्याऐवजी काय करावे?

प्रश्न : पाळीप्रमुख

नमस्कार.

अग्निशमन, सुटका आणि रुग्णवाहिका ही तिन्ही कामे सांभाळणाऱ्या एका दलात मी पाळीप्रमुख आहे. ज्या वर्दीत, म्हणजे मदतीसाठी आलेल्या बोलावण्यावर, लहान मुले दगावतात, जिथे आपलाच सहकारी जखमी होतो किंवा जिथे तासन्‌तास मृतदेह बाहेर काढावे लागतात, अशा वर्दीनंतर दलाने कर्मचाऱ्यांसाठी काय करावे, याचा मसुदा तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वरिष्ठांचा प्रस्ताव असा आहे की घटनेनंतर बहात्तर तासांच्या आत संपूर्ण पाळीला एकत्र बसवावे, बाहेरून समुपदेशक बोलवावा, प्रत्येकाने आपण काय पाहिले आणि त्या वेळी काय वाटले ते सर्वांसमोर सांगावे, आणि या बैठकीला हजर राहणे सक्तीचे असावे. हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही.

जवानांना मात्र हा प्रस्ताव मान्य नाही. ज्याने कधी होज (पाण्याचा पाइप) हातात धरला नाही, त्याच्यासमोर आम्ही काय बोलणार, असे काही जण विचारतात. आपण बोललेले वैयक्तिक नोंदीत जाईल आणि मग गाडी चालवण्याचे किंवा पथकाचे नेतृत्व करण्याचे काम काढून घेतले जाईल, ही भीती त्याहून अधिक जणांना आहे. ते उघडपणे तसे म्हणत नाहीत, परंतु त्यांचे बोलणे त्याच दिशेने जाते. काही जणांना खरोखरच त्रास होत असावा असे मला दिसते, कारण झोप उडाली आहे, चिडचिड वाढली आहे, काहींचे पिणे वाढले आहे, आणि तरीही विचारल्यावर प्रत्येकाचे उत्तर एकच येते, की सर्व ठीक आहे.

अशी बैठक सक्तीची करणे योग्य आहे का? योग्य नसेल तर त्याऐवजी नेमके काय करावे, आणि कोणाला उपचारांची गरज आहे हे कसे ओळखावे? वैद्यकीय अनुभव असलेल्यांनी आणि या सेवेत काम केलेल्यांनी उत्तर दिल्यास आभारी राहीन.

उत्तर 1 : मनोविकारतज्ज्ञ

सक्ती करू नये, हे प्रथम सांगतो. आणि प्रस्तावात वर्णन केलेली बैठक ऐच्छिक केली तरी तिला पीटीएसडीवरचा, म्हणजे भीषण घटनेनंतर जडणाऱ्या मानसिक आजारावरचा, प्रतिबंधक उपाय समजू नये.

या पद्धतीला डिब्रीफिंग म्हणतात. जेफ्री मिचेल यांनी ती 1983 मध्ये आपत्कालीन सेवांसाठी मांडली, आणि ते स्वतः पूर्वी या सेवेत काम केलेले असल्यामुळे ती अनेक देशांतल्या दलांनी पटकन स्वीकारली. मनात साचू देण्यापेक्षा लगेच बोलून मोकळे व्हावे, हा विचार कोणालाही पटण्यासारखाच आहे. प्रत्यक्ष चाचण्या झाल्या तेव्हा मात्र अपेक्षित लाभ दिसला नाही. बिसन आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये भाजलेल्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, तेरा महिन्यांनंतर डिब्रीफिंग मिळालेल्या गटात 26 टक्के रुग्णांना पीटीएसडी आढळला, तर ते न मिळालेल्या गटात 9 टक्के रुग्णांना. पहिल्या गटातील रुग्णांच्या जखमा सुरुवातीपासूनच अधिक गंभीर होत्या, त्यामुळे संपूर्ण फरक डिब्रीफिंगच्या माथी मारता येणार नाही. पण लाभ झाला असेही त्यातून कोणाला म्हणता येत नाही. त्यानंतर 2000 मध्ये रस्ते अपघातातील जखमींचा तीन वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. ज्यांना सुरुवातीला तीव्र त्रास होता, त्यांच्यापैकी डिब्रीफिंग झालेले लोक तीन वर्षांनंतरही त्रासातच होते आणि ते न झालेले लोक बरेचसे सावरले होते. जागतिक आरोग्य संघटनेने आणि ब्रिटनच्या नाइस या उपचारविषयक शिफारशी करणाऱ्या संस्थेने 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पीटीएसडी टाळण्यासाठी डिब्रीफिंग वापरू नये असे म्हटले आहे, ते अशाच पुराव्यांच्या आधारे.

असे का होत असावे, याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की शरीर अजून पूर्ण ताणात असताना सर्व तपशील पुन्हा उगाळायला लावले तर ती आठवण अधिक घट्ट बसते. शिवाय ज्याने दाराबाहेर पाण्याची लाइन सांभाळली, त्याला आत शिरलेल्याने पाहिलेले दृश्य या बैठकीत विनाकारण ऐकावे लागते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की बहुतेक माणसे पहिल्या काही आठवड्यांत आपापल्या मार्गाने सावरतात. कोणी सहकाऱ्याशी बोलतो, कोणी घरी बोलतो, कोणी काही दिवस अजिबात बोलत नाही आणि मग बोलतो. या स्वाभाविक प्रक्रियेत सर्वांना एकाच साच्यातून नेण्याची आवश्यकता नसते.

पहिल्या दिवसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका पुरेशी आहे. त्या व्यक्तीला तातडीने काय हवे आहे ते पाहावे, तिला जेवढे बोलायचे असेल तेवढेच ऐकावे आणि आवश्यक त्या मदतीशी तिला जोडून द्यावे, एवढाच तिचा गाभा आहे, आणि तो कोणत्याही समंजस सहकाऱ्याला शिकवता येतो. त्यानंतरचा सुमारे एक महिना लक्षपूर्वक वाट पाहण्याचा असतो. वाट पाहणे म्हणजे विसरून जाणे नव्हे. कोणी विचारपूस करायची आणि कधी करायची, हे आधीच ठरलेले असावे. पीटीएसडीचे निदान करण्यासाठी लक्षणे एक महिन्याहून अधिक काळ टिकलेली असावी लागतात, आणि म्हणून आपल्या धोरणात सर्वाधिक भर चौथ्या ते सहाव्या आठवड्यातील तपासणीवर असावा. बहात्तर तासांची बैठक होते आणि त्यानंतर कोणीही विचारत नाही, हीच आजच्या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे.

तपासणीसाठी पीसीएल-5 ही वीस प्रश्नांची प्रश्नावली वापरता येते. तिचा एकूण गुणांक 80 पैकी साधारण 31 ते 33 च्या वर गेला, तर तज्ज्ञाकडून सविस्तर तपासणी करून घ्यावी. केवळ त्या आकड्यावरून निदान करू नये. आपण सांगितलेल्या झोप, चिडचिड आणि मद्यपान या तीन गोष्टी पीटीएसडीच्या असू शकतात, नैराश्याच्या असू शकतात, अथवा केवळ रात्रपाळ्यांनी मोडलेल्या झोपेच्याही असू शकतात, आणि तिन्हींचे उपचार वेगळे आहेत.

आणखी एक मुद्दा. आपल्या मसुद्यात "वाईट वर्दी" हीच मोजणीची एकक आहे. परंतु या सेवेतील अनेकांना कोणत्याही एका घटनेने आजार होत नाही. वर्षानुवर्षे साचत आलेल्या अनेक घटनांमुळे होतो, आणि शेवटी निमित्त ठरलेली वर्दी इतरांच्या दृष्टीने अगदी साधी असू शकते. मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-5 या 2013 च्या अमेरिकन निकषसंग्रहात पीटीएसडीच्या निकषांत, कामाचा भाग म्हणून अशा घटनांच्या विदारक तपशिलांना वारंवार सामोरे जाणे याचाही समावेश झाला, आणि उदाहरण म्हणून मानवी अवशेष गोळा करणाऱ्या बचाव कर्मचाऱ्यांचाच उल्लेख तिथे आहे. म्हणून घटनेनंतरच्या तपासणीबरोबरच, काहीही घडलेले नसतानाही वर्षातून एकदा सर्वांचीच तपासणी व्हावी. सर्वांचीच असल्यामुळे तिच्यात कोणी उघडा पडत नाही.

उत्तर 2 : निवृत्त स्टेशन अधिकारी

डॉक्टरांनी वैद्यकीय बाजू नीट मांडली आहे, त्यामुळे मी केवळ स्टेशनच्या चार भिंतींतले बोलतो.

आपल्या मसुद्यात समुपदेशकाबद्दल बरेच आहे आणि ड्यूटीच्या तक्त्याबद्दल काहीच नाही. माझ्या मते हे उलट असायला हवे. ज्या पथकाने रात्री तीन मृतदेह काढले, त्या पथकाला परत आल्यावर होज धुवायला, गाडी पुन्हा सज्ज करायला आणि लगेच पुढच्या वर्दीवर जायला लावायचे, आणि दोन दिवसांनी बोलावून तुम्हाला कसे वाटते असे विचारायचे, यात जवानांना ढोंग दिसते, आणि तसे दिसले तर त्यांचे काही चुकत नाही. त्या पथकाला पाळी संपेपर्यंत वर्दीच्या यादीतून बाहेर ठेवण्याचा अधिकार पाळीप्रमुखाला लेखी स्वरूपात असला पाहिजे, त्यासाठी दुसऱ्या स्टेशनकडून बदली पथक मागवण्याची सोय असली पाहिजे आणि त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागता कामा नये. आंघोळ, कोरडे कपडे, खाणे, घरी फोन करण्यासाठी निवांत जागा, आणि रात्रभर जागलेल्या माणसाने स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नये याची व्यवस्था, एवढे आधी करा.

अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा मुद्दा आपल्या प्रश्नात आलेला नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या अग्निशमन दलात काही अधिकाऱ्यांना मानसिक आरोग्याविषयी केवळ चार तासांचे प्रशिक्षण दिले गेले, इतरांना ते नंतर देण्यात आले, आणि दोन्ही गटांच्या हाताखालील कर्मचाऱ्यांच्या रजांची तुलना करण्यात आली. हा अभ्यास 2017 मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात आला. प्रशिक्षण घेतलेल्या अधिकाऱ्यांच्या कर्मचाऱ्यांमध्ये कामाशी संबंधित आजारी रजा कमी झाली, तर दुसऱ्या गटात ती वाढली. त्या अधिकाऱ्यांना कोणी डॉक्टर बनवले नव्हते. त्रासात असलेल्या माणसाशी बोलणे टाळू नये, रजेवर गेलेल्याला फोन करून विचारपूस करावी आणि ते कसे करावे, एवढेच शिकवले होते.

हे मला पूर्णपणे पटते, कारण जवान आजारी पडतो तेव्हा आपल्याकडे वरिष्ठ त्याला फोनच करत नाहीत. त्याला त्रास होऊ नये म्हणून केला नाही, असे नंतर सांगतात. पलीकडे त्या माणसाला मात्र दल आपल्याला विसरले असे वाटत राहते.

आणि वर्दीवरच्या कामगिरीची तांत्रिक चर्चा, म्हणजे शिडी कुठे लावायला हवी होती, पाणी कधी कमी पडले, ही जरूर करावी, पण वेगळी करावी. तिच्यात भावनांची चौकशी मिसळली की दोन्ही बिघडतात. घटनेचा क्रम नीट समजल्यामुळे अनेकांची स्वतःला दोष देण्याची सवय सुटते, हे मी पाहिले आहे. आपण दोन मिनिटे आधी पोहोचलो असतो तरी आतला माणूस वाचला नसता, हे वैद्यकीय अहवालातून कळले तर त्याचा उपयोग कोणत्याही धीराच्या शब्दांपेक्षा जास्त होतो.

उत्तर 3 : नियंत्रण कक्ष, रात्रपाळी

"संपूर्ण पाळी" असे आपण लिहिले आहे, त्यात नियंत्रण कक्ष धरला आहे का? बहुतेक ठिकाणी धरलेला नसतो.

आम्ही घटनास्थळी नसतो, त्यामुळे आमच्यावर परिणाम होत नाही असे मानले जाते. प्रत्यक्षात फोनवरून आईला मुलाच्या छातीवर दाब कसा द्यायचा हे सांगत असताना पलीकडचे सर्व आवाज आमच्या कानात असतात, आणि रुग्णवाहिका पोहोचली की तो फोन बंद होऊन पुढचा सुरू होतो. त्या मुलाचे पुढे काय झाले हे आम्हाला जवळजवळ कधीच समजत नाही. आपल्या मसुद्यात एक साधी तरतूद करता येईल : नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्याने विचारल्यास घटनेचा शेवट काय झाला हे त्याला ठरलेल्या वेळेत कळवावे. त्याला खर्च नाही. काही जणांना ते नको असेल, म्हणून विचारल्यासच कळवावे. आणि जड फोननंतर हेडफोन काढून काही वेळ उठून जाण्याची मुभा असावी, जी आज पर्यवेक्षकाच्या मर्जीवर असते.

उत्तर 4 : सहकारी समर्थक

मी दलातील कर्मचारीच आहे आणि प्रशिक्षण घेऊन सहकाऱ्यांना आधार देण्याचे काम करतो. मनोविकारतज्ज्ञांच्या उत्तराशी मी एका मुद्द्यावर असहमत आहे. त्यांनी सांगितलेले दोन्ही अभ्यास रुग्णालयात दाखल झालेल्या जखमी रुग्णांवरचे आहेत आणि त्यांत एकेका व्यक्तीचे स्वतंत्र डिब्रीफिंग झाले होते. मिचेल यांची पद्धत मुळात एकत्र काम करणाऱ्या गटासाठी होती, आणि ती एका मोठ्या कार्यक्रमाचा भाग होती. जखमी नागरिक आणि प्रशिक्षित पथक यांना एकाच मापाने मोजून पथकाने एकत्र बसणेच घातक आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. आम्ही वर्दीनंतर एकत्र बसतो, आणि ते थांबवले तर पथकाचे नुकसान होईल.

आपल्या मसुद्यासाठी ब्रिटिश नौदलाच्या रॉयल मरीन्स या सैनिकी दलात विकसित झालेली ट्रिम ही पद्धत पाहावी असे सुचवतो. तिच्यात बाहेरचा समुपदेशक नसतो. दलातीलच प्रशिक्षित सहकारी घटनेनंतर साधारण तीन दिवसांनी आणि पुन्हा सुमारे 28 दिवसांनी संबंधित व्यक्तीशी ठरावीक चौकटीत बोलतो. हे बोलणे उपचार नसते. घटनेपूर्वी, घटनेच्या वेळी आणि नंतर काय झाले हे विचारून धोका किती आहे याचा अंदाज घ्यायचा, दोन्ही वेळच्या उत्तरांची तुलना करायची, आणि दुसऱ्या वेळी त्रास कमी झालेला नसेल तर तज्ज्ञाकडे पाठवायचे, असा तो क्रम आहे. "ज्याने होज धरला नाही त्याच्यासमोर काय बोलणार" या आपल्या जवानांच्या आक्षेपाला यात उत्तर मिळते.

मात्र समर्थकांची निवड वरिष्ठांनी करू नये. पथकातल्या लोकांना, तुम्ही अडचणीत असताना कोणाकडे जाल, असे गुप्तपणे विचारावे आणि ज्यांची नावे वारंवार येतात त्यांना प्रशिक्षण द्यावे. ही नावे अनेकदा पदाने लहान असलेल्या लोकांची असतात. आणि समर्थकांनाही कोणीतरी हवे. सर्वांचे ऐकून घेणारा माणूस स्वतः कोणाशी बोलतो, हे धोरणात लिहिलेले नसेल तर वर्षा-दोन वर्षांत तो काम सोडतो.

उत्तर 5 : मनोविकारतज्ज्ञ

आक्षेप योग्य आहे. माझ्या उत्तरातील दोन्ही अभ्यास जखमी व्यक्तींच्या वैयक्तिक डिब्रीफिंगचे आहेत, आणि पथकाने चहाच्या टेबलाभोवती आपणहून बसण्याला माझा कोणताही विरोध नाही. उलट ते जपावे. विरोध सक्तीला आहे, प्रत्येकाकडून भावना वदवून घेण्याला आहे, आणि ती बैठक झाली म्हणजे दलाची जबाबदारी संपली असे समजण्याला आहे. ट्रिम या तिन्हीत बसत नाही, म्हणून ती सूचना मलाही मान्य आहे.

एकत्र बसण्याचे मूल्य संशोधनातूनही दिसते. ब्रूइन आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा व्यक्तीच्या पूर्वेतिहासापेक्षा घटनेची तीव्रता, घटनेनंतर आधार न मिळणे आणि आयुष्यात त्याच काळात आलेले इतर ताण यांचा पीटीएसडीशी असलेला संबंध अधिक बळकट आढळला. भरतीच्या वेळी "कणखर" माणसे निवडली की प्रश्न सुटेल, या समजुतीला यातून फारसा आधार मिळत नाही. घटनेनंतरच्या काळात काय घडते हे बरेचसे दलाच्या हातात असते.

प्रश्न पुढे चालू : पाळीप्रमुख

सर्वांचे मनापासून आभार. नियंत्रण कक्ष मसुद्यात नव्हता. तो आता घेतला आहे.

आणखी दोन बाबी विचारतो. गोपनीयतेची हमी द्या असे सर्वच सांगतात, परंतु गाडी चालवणारा किंवा शस्त्र बाळगणारा कर्मचारी खरोखरच आजारी असेल तर दलाला ते कळलेच नाही तर कसे चालेल? आणि उपचार सुरू झाले म्हणजे नेमके काय होते, हे जवानांना साध्या शब्दांत सांगायचे झाल्यास काय सांगावे? "गोळ्या देतील आणि झोपवून ठेवतील" हीच कल्पना बहुतेकांच्या मनात आहे.

उत्तर 6 : व्यवसाय-आरोग्य अधिकारी

गोपनीयतेबद्दल मी उत्तर देतो, कारण मोघम हमीमुळेच या योजना फसतात.

दलाला निदान कळण्याची गरज नसते. कामाची क्षमता कळण्याची गरज असते. उपचार करणारा आणि क्षमतेचा दाखला देणारा हे दोन वेगळे डॉक्टर असावेत. दाखल्यावर केवळ तीनपैकी एक शेरा असावा : कामास योग्य, अमुक मर्यादांसह योग्य, अथवा तूर्त अयोग्य व फेरतपासणीचा दिनांक. उपचारांच्या नोंदी दलाच्या इमारतीत, दलाच्या संगणकावर किंवा वैयक्तिक फाइलमध्ये ठेवू नयेत. गुप्तता कोणत्या परिस्थितीत मोडली जाईल हे पहिल्याच भेटीत लेखी सांगावे, म्हणजे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला तातडीचा धोका असणे आणि कायद्याने सांगितलेली अन्य कारणे. हमी मर्यादित पण खरी असली तर लोक तिच्यावर विश्वास ठेवतात.

मर्यादांसह काम म्हणजे शिक्षा वाटता कामा नये. हलके काम दिल्यावर जर भत्ता बुडत असेल, तर कोणीही आजार सांगणार नाही, मग आपण कितीही भित्तिपत्रके लावा. प्रशिक्षण, तपासणी किंवा उपकरणांची देखभाल अशी खरीखुरी कामे ठरलेल्या मुदतीसाठी द्यावीत, वेतन संरक्षित ठेवावे आणि परतण्याचे टप्पे आधीच लिहून द्यावेत. शस्त्राच्या बाबतीत, कर्मचाऱ्याने स्वतःहून ते काही दिवस जमा केल्यास त्याबद्दल कोणतीही चौकशी होणार नाही, अशी स्पष्ट तरतूद असावी.

भरपाईचाही विचार करावा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत 2010 पासून पीटीएसडी आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने 2016 मध्ये कायदा करून असे ठरवले की अग्निशमन, पोलीस, रुग्णवाहिका आणि संदेशवहन कक्षातील कर्मचाऱ्याला पीटीएसडीचे निदान झाले तर तो कामामुळेच झाला असे गृहीत धरले जावे. विरुद्ध पुरावा असेल तर तो दुसऱ्या बाजूने द्यावा. ज्या माणसाला त्या घटनेची आठवणही सहन होत नाही, त्यालाच नेमकी कोणती घटना कारणीभूत होती हे अर्जामागून अर्ज करून सिद्ध करायला लावणे यामुळे थांबते. अशी तरतूद एखाद्या दलाला स्वतःच्या अंतर्गत नियमांतही काही प्रमाणात करता येईल.

उत्तर 7 : मनोविकारतज्ज्ञ

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

पीटीएसडीवर पहिला उपचार बहुधा गोळ्यांचा नसतो, असे जवानांना सांगावे. आघातावर केंद्रित मानसोपचार हा मुख्य उपचार आहे. त्याचे काही प्रकार आहेत : प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, ईएमडीआर. पहिल्यात प्रशिक्षित उपचारकर्त्यासोबत ती आठवण सुरक्षित परिस्थितीत पुन्हा पुन्हा सांगितली जाते आणि टाळलेली ठिकाणे व गोष्टी टप्प्याटप्प्याने पुन्हा जवळ केल्या जातात. दुसऱ्यात "माझ्यामुळेच ते मूल गेले" यांसारख्या घट्ट बसलेल्या समजुती तपासल्या जातात, आणि मर्यादित साधनांत कोणाला आधी वाचवायचे हे ज्यांना ठरवावे लागले, त्यांच्या अपराधी भावनेसाठी हा प्रकार मला विशेष उपयुक्त वाटतो. तिसऱ्यात आठवण मनात धरून डोळ्यांच्या ठरावीक हालचाली केल्या जातात. साधारणपणे आठ ते पंधरा भेटींत उपचार पूर्ण होतात. अनेक घटनांचा साठा असेल तर अधिक वेळ लागतो.

इथे एक शंका येईल, की डिब्रीफिंगमध्ये आठवण सांगणे अपायकारक आणि उपचारात तेच उपयोगी, हे कसे? फरक वेळेचा, निवडीचा आणि पुनरावृत्तीचा आहे. उपचार महिन्यानंतर, ज्याला आजार आहे त्यालाच, त्याच्या संमतीने आणि त्रास उतरेपर्यंत सलग भेटींतून दिले जातात. एकाच बैठकीत जखम उघडून माणसाला तसेच घरी पाठवले जात नाही. अर्थात एखाद्याचा त्रास पहिल्याच आठवड्यात असह्य असेल, तर महिना पुरा होण्याची वाट पाहू नये.

औषधांची जागा आहे. सर्ट्रालिन किंवा व्हेन्लाफॅक्सिनसारखी औषधे, मानसोपचार उपलब्ध नसतील, रुग्णाला नको असतील किंवा सोबत नैराश्य असेल तेव्हा दिली जातात, आणि ती गुंगीची औषधे नाहीत. घटनेनंतर लगेच झोपेसाठी डायझेपामच्या गटातील गोळ्या देण्याची पद्धत मात्र सोडायला हवी. पहिल्या महिन्यात आघाताच्या लक्षणांसाठी त्या देऊ नयेत असे जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्येच सांगितले आहे. दीर्घकाळच्या निद्रानाशासाठीही सीबीटीचा (विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचाराचा) स्वतंत्र प्रकार आहे आणि तो गोळ्यांच्या आधी वापरावा. मद्यपान वाढले असेल तर दारू पूर्ण सुटल्याशिवाय पीटीएसडीचे उपचार नाहीत, अशी अट घालू नये. दोन्हींवर एकाच वेळी काम करता येते, आणि ही अट घातली की माणूस दोन्हीकडून बाहेर राहतो. परंतु रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबणे धोकादायक असते. ते वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावे.

उपचारकर्ता निवडताना दोन गोष्टी विचाराव्यात : त्याने वरीलपैकी कोणत्या पद्धतीचे प्रशिक्षण घेतले आहे, आणि मृतदेहांचे वर्णन ऐकताना तो स्वतः विचलित होतो का. दुसरा प्रश्न विचित्र वाटेल, पण समुपदेशकाच्या डोळ्यांत पाणी आल्यावर त्यालाच धीर देऊन परत आलेले जवान माझ्याकडे येतात, आणि ते पुन्हा कोणाकडेही जायला तयार नसतात. उपचारकर्त्याला एक-दोन पाळ्या स्टेशनवर बसवावे, वर्दीवर सोबत न्यावे; त्याचा उपयोग दोन्ही बाजूंना होतो.

शेवटी आत्महत्येबद्दल, कारण मसुद्यात हे नसेल तर तो अपुरा आहे. आत्महत्येचे विचार येतात का असे थेट विचारल्याने ते विचार मनात रुजत नाहीत. पाळीप्रमुखाने आणि समर्थकाने हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारायला शिकले पाहिजे. उत्तर "हो" असेल तर त्या माणसाला एकटे सोडू नये, शस्त्र, औषधे आणि त्याच्या हाताशी असलेली अन्य साधने दूर करावीत, आणि त्याच दिवशी, कोणीतरी सोबत जाऊन, त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा तातडीच्या विभागात न्यावे. दूरध्वनी क्रमांक हातात देऊन घरी पाठवू नये. यासाठी कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वेळी, कोणाला भेटायचे हे आधीच ठरवून प्रत्येक पाळीप्रमुखाकडे लेखी असावे, कारण रात्री दोन वाजता ते शोधायला वेळ नसतो. जो सहकारी सोबत जाईल, त्याची ती वेळ ड्यूटी म्हणून धरावी.

पाळीप्रमुख : मसुद्याचा सुधारित आराखडा पुढील आठवड्यात वरिष्ठांकडे देतो. बहात्तर तासांची सक्तीची बैठक काढून टाकली आहे; तिच्या जागी तीन दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी सहकाऱ्याची भेट, सहाव्या आठवड्याच्या आत तपासणी, आणि पथकाला वर्दीच्या यादीतून बाहेर ठेवण्याचा पाळीप्रमुखाचा लेखी अधिकार असे घातले आहे. वरिष्ठांचा पहिला आक्षेप बदली पथकाच्या खर्चाबद्दल असेल, तेव्हा एखाद्या दलाने हे प्रत्यक्षात कसे बसवले हे कोणाला माहीत असल्यास कृपया लिहावे.